प्रकरण ७ : पडवीतून गोठ्यापर्यंत ओढलेली वायर

"गोठ्यात रात्रभर दिवा लागतो, म्हणून पडवीतल्या बोर्डातून वायर ओढून दिलीय. एका बल्बानं बिघडतंय काय?"

जुन्नर-आंबेगावात विजेचा विषय निघाला, की हा प्रश्न कुणीतरी हमखास विचारतं. विचारणाऱ्याच्या आवाजात वाद नसतो, काळजी असते. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात. या चारही तालुक्यांत बिबट्या उसाच्या फडात राहतो, तिथंच पिल्लं वाढवतो. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, यावरूनच या गोष्टीचं इथल्या जगण्यातलं स्थान कळावं. घराभोवती आणि गोठ्यापाशी उजेड ठेवा, असं वनखातंही सांगतं. त्यामुळे गोठ्यातला दिवा काढा, असं मी कुणाला सांगणार नाही. दिवा हवाच.

प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायचं, तर बल्बानं काही बिघडत नाही. ९ वॅटचा एलईडी बल्ब इतकी थोडी वीज घेतो, की वायरीला त्याची जाणीवही होत नाही. पण ती वायर बल्बापुरती राहत नाही. पहिल्या वर्षी बल्ब, दुसऱ्या वर्षी गाईंसाठी पंखा, मग दूध काढायचं मशीन, मग कडबा कुट्टी. वायर मात्र तीच, बल्बासाठी आणलेली. शिवाय तिच्यावरून एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेलेला असतो. तात्पुरती म्हणून ओढलेली वायर कायमची होऊन बसते. घरातले विजेचे अपघात बरेचदा इथूनच सुरू होतात.

१. सुटी वायर म्हणजे कोणती?

आपण सगळ्यालाच वायर म्हणतो, म्हणून आधी दोन प्रकार वेगळे करू. भिंतीत नाहीतर पट्टीत एकदा बसवली की न हलणारी, ती पक्की वायर. इस्त्रीची, मिक्सरची, पाणी तापवायच्या रॉडची, टेबलफॅनची, एक्स्टेन्शन बोर्डाची, म्हणजे हातात धरून हलवता येणारी, ती सुटी वायर. हे प्रकरण सुट्या वायरीचं आहे.

सुट्या वायरीचा तुकडा कापून पाहिला, तर आत एक जाड तार दिसत नाही, केसासारख्या बारीक तारांचा जुडगा दिसतो. घरात सर्वांत जास्त वापरली जाणारी पाऊण चौरस मिलिमीटरची वायर घ्या. तिच्या प्रत्येक पदरात ०.२ मिलिमीटर जाडीच्या २४ तारा असतात. जाड सळई दहा वेळा वाकवली तर तुटते, आणि बैलाचा कासरा रोज वळवला तरी वर्षानुवर्षं टिकतो, कारण तो अनेक धाग्यांचा पीळ असतो. सुट्या वायरीत बारीक तारा घालतात त्या याच कारणानं.

पण कासराही एकाच जागी घासला तर तिथं एकेक धागा तुटत जातो. वायरीचंही तसंच होतं. पिनेच्या मानेजवळ आणि उपकरणात शिरते तिथं, या दोन जागी ती रोज वाकते. आतल्या २४ तारांच्या १८ होतात, मग १२ होतात. वरून रबर शाबूत दिसतं आणि दिवाही लागतो. अर्ध्याच तारा उरल्या, की तेवढ्या जागेचा विजेला होणारा विरोध दुप्पट होतो आणि तीच वीज जाताना तिथं दुप्पट उष्णता तयार होते. इस्त्री मधूनच बंद पडते आणि वायर जरा हलवली की चालू होते, असं झालं तर समजावं, की आत शेवटच्या दोन-चार तारा उरल्या आहेत.

२. ठिबकच्या नळीचा हिशेब

या भागात ठिबकचं गणित वेगळं शिकवावं लागत नाही. मेन लाइन जाड असते, तिला सबमेन, आणि सबमेनला १६ मिलिमीटरच्या लॅटरल नळ्या. लॅटरलच्या टोकाला कुणी पाट जोडत नाही. विजेतही तसंच आहे. पाण्याचा दाब म्हणजे व्होल्ट. नळीतून वाहणारं पाणी म्हणजे करंट, तो अँपिअरमध्ये मोजतात. नळीची जाडी म्हणजे वायरीतल्या तांब्याचं क्षेत्रफळ, ते चौरस मिलिमीटरमध्ये.

एका ठिकाणी मात्र ही उपमा थांबते आणि धोका तिथूनच सुरू होतो. बारीक नळीला जास्त पाणी मागितलं तर ते येतच नाही. बारीक वायरीला जास्त करंट मागितला तर ती तो देते, आणि देताना तापते. करंट दुप्पट झाला की उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. तिप्पट झाला तर नऊपट. वायरीवरचं नेहमीचं प्लॅस्टिक ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेलं असतं. त्यापुढे ते मऊ पडतं, मग कडक होतं, मग तडकतं.

करंट काढायचा हिशेब दुसरीतलं मूलही करेल. उपकरणावर लिहिलेले वॅट घ्या आणि २३० नं भागा. १००० वॅटची इस्त्री म्हणजे साधारण साडेचार अँपिअर. ७५० वॅटचा मिक्सर सव्वातीन. १५०० वॅटचा रॉड साडेसहा. २००० वॅटचा गीझर पावणेनऊ. आता बोर्डाकडे पाहा. लहान भोकांचं सॉकेट ६ अँपिअरचं असतं आणि मोठ्या भोकांचं १६ अँपिअरचं. पाऊण चौरस मिलिमीटरची सुटी वायर सहा-सात अँपिअरपर्यंत ठीक असते. म्हणजे १५०० वॅटचा रॉड लहान सॉकेटच्या मापाबाहेर जातो. मोठी पिन लहान सॉकेटात बसवून देणारा कन्व्हर्टर दुकानात सहज मिळतो. त्यानं पिन बसते, पण सॉकेटाची ताकद वाढत नाही.

एक्स्टेन्शन बोर्डाचंही असंच आहे. वर पाच भोकं असली तरी खाली वायर एकच असते. पाचही भोकांतला करंट तिलाच वाहून न्यायचा असतो. मोबाइलचे पाच चार्जर लावले तरी तिला काही होत नाही. पण एका भोकात रॉड आणि दुसऱ्यात इस्त्री लागली, की ती ११ अँपिअरवर गेली.

३. आत्याची पिन

माझी आत्या आंबेगाव तालुक्यात घोड नदीच्या काठच्या एका गावात राहते. दोन वर्षांपूर्वी पौषात तिच्याकडे मुक्काम होता. पहाटे मोरीत पाणी तापत होतं. पाहिलं तर बोर्डात रॉडची पिन तिरकी बसलेली आणि तिच्याखाली पुठ्ठ्याची घडी खोचलेली.

"आत्या, हा पुठ्ठा कशाला गं?"

"ढिली झालीय ती. पुठ्ठा लावला की बरोबर धरती."

"पिन गरम होती का?"

"होती की. म्हणून तर काढताना पदरानं धरते. दिवाळीपासनं तसंच चाललंय."

मेन स्विच बंद केला, पिन काढली आणि ओट्यावर बसून तिचे स्क्रू सोडवले. झाकण उघडताच सडक्या माशासारखा उग्र वास आला. असलं प्लॅस्टिक जळताना असाच वास येतो. एका बाजूचं पितळ जांभळट काळं पडलं होतं. त्याच्याभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन फुगलं होतं. तिथं येणाऱ्या तारांपैकी निम्म्याच स्क्रूखाली होत्या, बाकीच्या बाहेर पसरलेल्या. तांब्याची लाली गेली होती, आणि नखानं दाबताच दोन तारा कटकन तुटल्या. दोन बोटं लांबीचं प्लॅस्टिक वाळक्या शेंगेसारखं कडक झालं होतं. तिथून पुढची वायर मात्र नव्यासारखी मऊ. म्हणजे वायर तापली नव्हती, फक्त तो जोड तापत होता.

असं का होतं, ते छोट्या हिशेबानं कळेल. स्क्रू घट्ट असेल आणि पितळ स्वच्छ असेल, तर जोडाचा विरोध इतका नगण्य असतो की तिथं ऊबही जाणवत नाही. जोड ढिला पडून तो विरोध समजा अर्धा ओहम झाला. करंट साडेसहा अँपिअर. उष्णता म्हणजे करंट गुणिले करंट गुणिले विरोध. साडेसहा गुणिले साडेसहा, त्याचं निम्मं, म्हणजे २१ वॅट. आकडा लहान वाटतो. पण रेडिओ दुरुस्त करणारा शिसं वितळवतो ती सोल्डरची कांडी २५ वॅटची असते. तेवढीच उष्णता ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत, रोज पहाटे अर्धा तास, दिवाळीपासून.

हे दुखणं आपोआप वाढतं. उष्णतेनं सॉकेटमधली पितळी पट्टी ढिली पडते. ढिली पडली की ठिणगी उडते, ठिणगीनं पितळावर काळा थर बसतो, थरानं विरोध वाढतो, आणि विरोधानं आणखी उष्णता. म्हणून जळकी पिन नव्या सॉकेटात घातली तर नवं सॉकेटही खराब होतं, आणि जळक्या सॉकेटात नवी पिन घातली तर तीही. बदलायचं तर दोन्ही बदला.

या ठिणगीचा आवाज पूर्वी रेडिओवर ऐकू यायचा. शेजारी कुणी ढिलं बटण दाबलं, की बातम्यांमध्ये खरखर. प्रत्येक ठिणगी आसपास रेडिओलहरी सोडते. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ संदेश टिपतात. वीजवाहिन्यांवरच्या ठिणग्यांची खरखर ही तिथल्या शास्त्रज्ञांची कायमची डोकेदुखी आहे. घरात आपल्याकडे अशी दुर्बीण नसते. मग नाक आणि हात हीच आपली साधनं. वास आला, चर्र आवाज आला, पिन गरम लागली, तर त्या जोडाचं दुखणं सुरू झालं आहे. पदरानं धरायची वेळ आली तेव्हाच ती पिन बाद झाली होती.

४. कुट्टी गुणगुणते, फिरत नाही

आता लांबीकडे येऊ. घरापासून गोठा ३० मीटरवर आहे आणि पाऊण चौरस मिलिमीटरची वायर ओढली आहे, असं धरू. वीज जाते आणि परत येते, म्हणून तांब्याची एकूण वाट ६० मीटर. एवढ्या तांब्याचा विरोध साधारण १.४ ओहम येतो.

बल्बाला हे काहीच नाही. पण टोकाला दोन अश्वशक्तीची कडबा कुट्टी लावली, तर ती चालताना साधारण १० अँपिअर घेते. दहा गुणिले १.४ म्हणजे १४ व्होल्ट वाटेतच संपले. संध्याकाळी सगळ्या वाडीचे दिवे लागले की आधीच दाब कमी असतो. त्यातून हे १४ गेले. शिवाय वायरीत दहा गुणिले दहा गुणिले १.४, म्हणजे १४० वॅटची उष्णता. ही झाली चालू मोटरची गोष्ट. सुरू होताना मोटर पाच-सहा पट करंट मागते. त्या क्षणी ७० व्होल्ट वायरच गिळते, मोटरला उरलेला दाब पुरत नाही, आणि कुट्टी गुणगुणत उभी राहते. आपण म्हणतो मोटर गेली. ती वाइंडिंगला जाते, नवी भरून येते, आणि महिन्याभरात पुन्हा जळते. दोष मोटरचा नसतो.

त्याच अंतरावर अडीच चौरस मिलिमीटरची वायर असेल तर चालू मोटरला जेमतेम ४ व्होल्ट कमी पडतात आणि उष्णता ४० वॅटवर येते. कुट्टीसाठी, दूध काढायच्या मशीनसाठी पक्की लाइन टाकून घ्यावी, तीही परवानाधारक वायरमनकडून आणि स्वतंत्र एमसीबीवरून. सुटी वायर या कामाची नाहीच.

आणखी एक. लांब वायर उरली म्हणून गुंडाळून तशीच वापरू नका. पसरलेल्या वायरीची उष्णता हवेत निघून जाते, गुंडाळीच्या आतल्या वेढ्यांची कुठं जाणार? रीळवाल्या एक्स्टेन्शनवर जड काम करायचं असेल तर सगळी वायर उलगडून मगच बटण दाबा.

५. एमसीबी पडला नाही, म्हणजे सगळं ठीक का?

"तसं काही असतं तर एमसीबी पडला असता," असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. एमसीबी भिंतीतल्या पक्क्या वायरीची राखण करायला बसवलेला असतो. तो १६ अँपिअरचा असेल, तर १२ अँपिअर घेणारी तुमची बारीक सुटी वायर त्याच्या खिजगणतीत नसते. आत्याच्या पिनेत साडेसहाच अँपिअर वाहत होते, ते त्याच्या दृष्टीनं अगदी रास्त. ढिला जोड एमसीबीला दिसत नाही. जुन्या घरांत किटकॅट फ्यूज असतो. तो सारखा जातो म्हणून त्यात जाड तार घालतात. तसं केलं की त्या घराला राखणदारच उरत नाही.

माणसाची राखण करणारं उपकरण वेगळं आहे. त्याचं नाव आरसीसीबी, बरेच वायरमन त्याला ईएलसीबी म्हणतात. त्याचं काम नारायणगावच्या टोमॅटो बाजारातल्या क्रेटच्या हिशेबासारखं आहे. जितके क्रेट गेले तितके परत यायला हवेत. कमी आले, तर वाटेत कुठंतरी गेले. हे उपकरण फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून पाहतं. कमी आला म्हणजे तो कुठंतरी जमिनीत जातोय, कदाचित कुणाच्या अंगातून. घरासाठीचा आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की सेकंदाच्या लहानशा भागात वीज तोडतो. ओल्या अंगाच्या माणसाचा विरोध हजार ओहमपर्यंत खाली येतो. २३० भागिले हजार म्हणजे २३० मिलिअँपिअर. त्यातला थोडासा भागही जीव घ्यायला पुरतो. त्यावर टी किंवा टेस्ट लिहिलेलं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबा, तो पडला पाहिजे. नाही पडला तर बदला. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरला तर मात्र तो वाचवू शकत नाही, कारण क्रेट बरोबर परत आलेले असतात.

ज्या घरात रॉड आहे आणि गोठ्याला वायर गेली आहे, त्या घरात हा हवाच. टीव्हीच्या आधी हा घ्या, असं मी आग्रहानं सांगतो.

६. तिसरी पिन

तीन पिनांपैकी वरची जाड आणि लांब असते ती अर्थिंगची. लांब एवढ्यासाठी, की घालताना ती सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी. वायरीतल्या हिरव्या, किंवा हिरव्या-पिवळ्या, पदराची ती पिन. फेज नव्या वायरीत तपकिरी असतो, जुन्यात लाल. न्यूट्रल नव्यात निळा, जुन्यात काळा.

इस्त्रीच्या आत फेजची तार सुटून पत्र्याला टेकली, तर अर्थिंग तो करंट लगेच जमिनीकडे नेतं आणि एमसीबी किंवा आरसीसीबी पडतो. तिसरी पिन मोडून टाकली, किंवा दोनच तारा बोर्डात काड्या खोचून बसवल्या, तर तो पत्रा हात लागायची वाट पाहत राहतो. गोठ्यात हे आणखी गंभीर. पायाखाली शेण-मूत्राची ओल, लोखंडी दावण, लोखंडी खांब. गाईचे पुढचे आणि मागचे पाय दूर असतात, आणि दोन्हींच्या मधल्या वाटेत काळीज असतं. माणसाला नुसती झिणझिणी जाणवेल एवढ्या दाबानंही गाय दगावू शकते. दावणीला पाणी पिताना जनावर दचकून मागं सरत असेल, तर आधी वीज बंद करून वायरमनला बोलवा.

अर्थिंगचा खड्डा कोळसा-मीठ घालून केलेला असेल, तर उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत राहा. कोरड्या जमिनीत अर्थिंग नावापुरतं उरतं.

७. ऊन, पाऊस, उंदीर

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके एका टोकाला सह्याद्रीचे आणि दुसऱ्या टोकाला पठाराचे. आहुपे, भीमाशंकर, नाणेघाटाच्या बाजूला पावसाळाभर भिंती ओल्या असतात. आळेफाट्याच्या पुढे बेल्ह्याकडे गेलं की ऊन. एकीकडे वायर ओलीनं जाते, दुसरीकडे उन्हानं. घरातल्या वापराची प्लॅस्टिकची वायर सतत उन्हात राहिली, की वरचं आवरण पांढुरकं पडतं, मग त्याला बारीक भेगा जातात. उन्हाळाभर काही होत नाही. मृगाचा पहिला पाऊस आला की पाणी त्या भेगांत शिरतं.

आणि तीच वायर पत्र्याच्या कडेवरून नेलेली असते, बाइंडिंगच्या तारेनं खांबाला बांधलेली असते. कधी तिच्या शेजारून कपडे वाळत घालायची लोखंडी तार गेलेली असते. वाऱ्यानं वायर पत्र्याच्या धारेवर घासते. एक दिवस सगळा पत्रा आणि तिथून कपड्यांची तार जिवंत होते. ओले कपडे घेऊन आलेली बाई त्या तारेला हात लावते. दरवर्षी पावसाळ्यात महाराष्ट्राच्या कुठल्या ना कुठल्या गावातून अशी बातमी येते. वाचवायला धावलेला दुसरा माणूसही त्यात जातो. म्हणून कपड्यांसाठी नायलॉनची दोरी बांधा. हा बदल आजच्या आज होण्यासारखा आहे.

उंदीर आणि घुशी कडब्याच्या गंजीजवळ, कांद्याच्या बराखीत आणि माळ्यावर असतात. दात झिजवायला त्यांना काहीतरी कुरतडावंच लागतं, आणि वायर सोयीची असते. तांबं उघडं पडलेली वायर कोरड्या कडब्यावरून गेली असेल, तर एक ठिणगी पुरते. अशा जागी वायर न्यायचीच तर पाइपातून न्या.

रानडुक्कर आणि बिबट्या येऊ नयेत म्हणून घरातली वीज थेट कुंपणाच्या तारेला सोडण्याचा प्रकार अजूनही घडतो. तो गुन्हा आहे, आणि त्यात मरतो तो बहुधा शेजारी, नाहीतर आपलंच माणूस. झटका मशीन वेगळं असतं. ते क्षणभराचे, मोजून-मापून ठोके देतं. त्याच्या जागी २३० व्होल्ट कधीच चालत नाहीत.

८. जोड द्यायचा का?

यात्रेच्या दिवसांत मांडवाच्या वायरी पाहा. वीस-पंचवीस जोड, प्रत्येकावर टेप. चैत्रातलं ऊन टेपचा डिंक वितळवतं आणि संध्याकाळपर्यंत टेप सुटून लोंबायला लागते. त्यात वळवाचा पाऊस. तिथं लहान मुलं खेळत असतात.

घरातल्या सुट्या वायरीला जोड देऊच नये. वायर मध्ये तुटली तर तुटल्या जागेपासून पिनेकडचा तुकडा टाकून द्या आणि उरलेल्या वायरीला नवी पिन लावा. ती आखूड पडत असेल तर नवी आणा. पिन लावताना चाकूनं सोलू नका, त्यात २४ पैकी चार-पाच तारा कापल्या जातातच. वायर सोलायचा चिमटा स्वस्त असतो. तारा पिळून, सगळ्या स्क्रूखाली घ्या. पिनेच्या तोंडाशी वायर दाबून धरणारी पट्टी असते, तिचे दोन्ही स्क्रू आवळा. वायर ओढली गेली तर ताण त्या पट्टीवर यावा, आतल्या तारांवर नाही. हिरवी तार आत थोडी लांब ठेवा, म्हणजे कधी हिसका बसलाच तर ती सर्वांत शेवटी सुटेल.

९. बाजारात वायर घेताना

सुट्या वायरीच्या आवरणावर ठरावीक अंतरानं छापलेलं असतं. बनवणाऱ्याचं नाव, किती चौरस मिलिमीटर, आयएसआयचं चिन्ह, आणि आयएस ६९४ हा आकडा. घरगुती वायरींचं भारतीय मानक तेच. चिन्हाजवळ सीएम/एल असं लिहून परवान्याचा क्रमांक असतो. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर तो टाकला, की परवाना खरा आहे का ते कळतं.

काही स्वस्त वायरींत तांब्याचा नुसता मुलामा असतो. एक तार ब्लेडनं खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली तर ते ॲल्युमिनियम किंवा लोखंड. चुंबकाला चिकटली तर लोखंडच. ॲल्युमिनियमचा विरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि तार दोन-चारदा वाकली की तुटते. तेवढ्याच जाडीची ती वायर तेवढंच काम करत नाही.

१०. महिन्यातून एकदा, पाच मिनिटं

अमावास्येला ट्रॅक्टर-मोटरची पूजा करणारी घरं आहेत. त्याच दिवशी हेही करावं. सगळ्या सुट्या वायरी बोर्डातून काढा आणि कोरड्या हातानं टोकापासून टोकापर्यंत चिमटीतून सोडा. कुठं कडक लागते, कुठं फुगलीय, कुठं चिकट झालीय, ते बोटांना डोळ्यांच्या आधी कळतं. पिनेवर काळा-तपकिरी डाग आहे का पाहा. पिन काढताना पिनच धरा, वायर ओढू नका. गरम इस्त्रीभोवती वायर गुंडाळू नका, आधी निवू द्या. गुंडाळायची तर सैल वेढे घाला. बाद वायर फेकताना पिनेजवळ कापून टाका, नाहीतर कुणीतरी ती उचलून पुन्हा वापरतं.

रॉडचा क्रम पाठच करावा. आधी रॉड पाण्यात, मग पिन, मग बटण. काढताना आधी बटण, मग पिन, आणि त्यानंतरच पाण्याला हात. पाणी तापलं का हे बोट बुडवून पाहायची सवय जिवावर बेतते. लाइट गेली की पिन काढून ठेवा. रॉड तसाच राहिला, सगळे रानात गेले आणि दुपारी लाइट आली, तर पाणी आटेपर्यंत कुणाला पत्ताही लागत नाही.

मोबाइलच्या चार्जरची भीती बरेच जण बोलून दाखवतात. त्याच्या बारीक केबलमध्ये साधारणपणे ५ व्होल्ट असतात, तिचा झटका बसत नाही. २३० व्होल्ट असतात ते बोर्डातल्या डबीत. तिच्या आतलं, २३० व्होल्टची बाजू आणि केबलची बाजू वेगळी ठेवणारं काम खराब असेल तर धोका आहे. म्हणून डबी चांगली घ्या, आणि चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली ठेवू नका.

कुणाला झटका बसून तो चिकटलाच, तर हात लावू नका. आधी मेन स्विच. तो जवळ नसेल तर कोरड्या लाकडानं वायर बाजूला करा. श्वास चालत नसेल तर छातीच्या मध्यावर दोन्ही तळव्यांनी जोरात, भरभर दाब देत राहा आणि दुसऱ्याला १०८ ला फोन लावायला सांगा. खांबावरची किंवा डीपीकडची तार तुटून पडली असेल तर स्वतः जवळ जाऊ नका, इतरांना लांब ठेवा आणि १९१२ वर कळवा.

आत्याच्या मोरीबाहेर आता १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आहे, मेनला आरसीसीबी आहे, आणि गोठ्याचा दिवा पाइपातून गेलेल्या पक्क्या वायरीवर रात्रभर जळतो. यंदाच्या थंडीत मी पुन्हा पहाटे पाहिलं. पाणी तापल्यावर तिनं बटण बंद केलं आणि पिन काढली. पिन हाताला गार लागत होती.